हा फोल्डर नक्की कोणाचा?

छोट्या ऑफिसात सर्व्हर कोणाच्या गळ्यात पडतो याचा एक अलिखित नियम आहे, ज्याला अडकलेला प्रिंटर सुरू करता येतो त्याच्या. माझ्या गळ्यात तो असाच पडला. माझं मूळ काम वेगळंच, रिपोर्ट्स आणि हिशोब, पण वायफायचा पासवर्ड मला पाठ होता आणि एक्सेलची शीट रुसली की लोक माझ्या टेबलापाशी यायचे, तेवढ्या भांडवलावर एक दिवस सर म्हणाले, "आपण एक सर्व्हर घेऊ या आता, तू बघशील ना?" आणि मी हो म्हणून बसलो.

तेव्हा मला वाटलं होतं की हे मशीनचं काम आहे. आहेच तसं, पण मशीनचा भाग शिकून होतो हो, डॉक्युमेंटेशन असतं, कमांड चुकली तर ती एरर देते, परत टाकायची. डोकं खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीने. सर्व्हर लावायला बसलं की तो एकेक प्रश्न समोर टाकत जातो आणि त्यातले निम्मे प्रश्न कॉम्प्युटरचे नसतातच मुळी. हा फोल्डर कोणाचा? कोणी वाचायचा, कोणी बदलायचा? किती तासांचं काम बुडालं तर चालेल? तू नसशील तेव्हा कोण? वर्षानुवर्षं ऑफिस चाललेलं असतं ते हे प्रश्न न विचारताच, आणि मजेत चाललेलं असतं. सर्व्हरला मात्र प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही असंच लागतं, "बघू नंतर" अशी सेटिंग कुठेच नसते.

आमची आधीची अवस्था सांगतो, बहुतेकांची हीच असते. शेअर्ड फोल्डर म्हणजे एका माणसाचा पीसी, तो घरी जाताना मशीन बंद करून गेला की मागे थांबलेल्यांचं काम ठप्प. बाकी फाइली पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये, नाहीतर व्हॉट्सअॅपवर, आणि एकाच रिपोर्टच्या चार आवृत्त्या चार लॅपटॉपवर, चारही 'फायनल'.

मग सगळं क्लाउडवर का नाही टाकलं, हा प्रश्न रास्त आहे आणि मेल, कॅलेंडर आम्ही तिकडेच नेलं. स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा उत्साह मलाही आला होता पण एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, रिव्हर्स डीएनएस, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे समोरच्या सर्व्हरला पटवायच्या सोयी, एवढं सगळं नीट असूनही समोरच्याच्या स्पॅममध्ये जाणारे मेल, हे वाचल्यावर तो लगेच उतरला. पण बिलिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस आणि मोठ्या मोठ्या ड्रॉइंगच्या फाइली, यांना लोकल नेटवर्कच लागतं. आणि खरं सांगायचं तर वरचे प्रश्न क्लाउडवरही सुटत नाहीत, तिथे 'लिंक असलेल्या कोणालाही दिसेल' असं एक बटण असतं आणि सगळे ते दाबून मोकळे होतात इतकंच.

मशीन निवडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आणि सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच होते. प्रोसेसर कुठला, किती कोअर, यावर लोक तासभर बोलू शकतात. पंधरा-वीस जणांच्या फाइल सर्व्हरचा प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ लोळत असतो. पैसे घालायचे ते ईसीसी रॅममध्ये, म्हणजे मेमरीतली बारीक चूक आपली आपण सुधारणाऱ्या रॅममध्ये, चांगल्या डिस्कमध्ये आणि यूपीएसमध्ये. आणि यूपीएस नुसता लावून भागत नाही, त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडायची आणि बॅटरी संपत आली की सर्व्हरने आपलं आपण नीट बंद व्हायचं अशी सेटिंग करायची, लिनक्सवर एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर हे करतं. ही केबल खोक्यातच गुंडाळलेली पडून आहे असं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कोणाकडे गेलो तर आधी तीच शोधतो.

दोन डिस्क घेतल्या, रेड १ केलं, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा, एक मेली तरी काम चालू. ही रेडची कल्पना मांडणारा पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा बर्कलीमधला पेपर १९८८ चा आहे, म्हणजे गोष्ट जुनी आणि मुरलेली. सरांना दाखवलं, एक डिस्क बाहेर काढली, फाइल उघडून दाखवली, ते खूश झाले आणि म्हणाले, "चला, म्हणजे बॅकअपचं काम झालं." इथून पुढचा अर्धा तास मी फक्त हेच समजावत होतो की असं नाही. उद्या कोणी चुकून एखादा फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी इमानेइतबारे डिलीट होणार. रेड डिस्क मेल्यावर कामाला येतं, माणूस चुकल्यावर नाही. आणि डिस्क रोज मरत नाहीत, माणसं मात्र रोज चुकतात.

ऑपरेटिंग सिस्टिमचं म्हणाल तर एके काळी मायक्रोसॉफ्टचं स्मॉल बिझनेस सर्व्हर नावाचं प्रॉडक्टच होतं, एका मशीनवर डोमेन (म्हणजे ऑफिसातले सगळे युजर आणि मशीन एकाच ठिकाणाहून सांभाळायची सोय), फाइल शेअरिंग, एक्सचेंज या त्यांच्याच मेल सर्व्हरचा मेल, सगळं. २०११ ची आवृत्ती शेवटची, नंतर इसेन्शल्स आलं त्यात २५ युजरची मर्यादा, आणि मेल तुम्ही क्लाउडवर घ्यावा अशी एकंदर दिशा. विंडोज सर्व्हर घेणाऱ्यांना मी नाव ठेवत नाही, ज्यांच्याकडे ते सांभाळणारा माणूस आहे त्यांनी जरूर घ्यावं. मी डेबियन, म्हणजे एक प्रकारचं लिनक्स, आणि त्यावरून विंडोजच्या मशीनना फाइली शेअर करणारं सांबा घेतलं कारण मला आतलं दिसायला हवं होतं, कॉन्फिगरेशन म्हणजे एक टेक्स्ट फाइल, तिची प्रिंट काढून बसमध्ये वाचता येते.

सांबाची जन्मकथा मला फार आवडते. १९९१ च्या शेवटी कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने, नेटवर्कवरून जाणारी पॅकेट बघून बघून, समोरचा सर्व्हर काय बोलतोय याचा अंदाज बांधत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, कुठलंही अधिकृत कागदपत्र हातात नसताना. त्याचंच पुढे सांबा झालं आणि डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४ आलं तेव्हा लिनक्सचं मशीन विंडोजच्या लॅपटॉपांना थेट अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (मायक्रोसॉफ्टच्या डोमेन पद्धतीचा) डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारं मुख्य मशीन, म्हणून सामोरं जायला लागलं. लॅपटॉपला पत्ताही लागत नाही की पलीकडे विंडोज नाहीये.

सांबावाले एक सल्ला देतात की डोमेन कंट्रोलरवरच फाइल शेअर करू नका, दोन्ही वेगळे ठेवा. म्हणून त्याच मशीनवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच मशीनच्या पोटातली दोन सॉफ्टवेअरची मशीन, केल्या. आणि डोमेन बनवायच्या आधी पहिला कागदी प्रश्न आला, डोमेनचं नाव काय. हे नाव नंतर बदलणं म्हणजे जवळजवळ सगळं पाडून पुन्हा बांधणं. जुन्या गाइडमध्ये शेवटी डॉट लोकल लावायला सांगतात, ते करू नका, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे मशीनने आसपासच्या मशीनांनाच थेट नाव विचारायच्या पद्धतीसाठी, राखून ठेवलंय, मग काही मशीन भलतीकडेच विचारत बसतात. आपल्या मालकीचं जे डोमेन असेल त्याचंच एखादं सबडोमेन घ्यावं. आम्ही तेच करायला गेलो तेव्हा कळलं की ऑफिसचं डोमेन एका माजी कर्मचाऱ्याच्या पर्सनल मेलवर रजिस्टर केलेलं आहे. तो भला माणूस, एका फोनवर ट्रान्सफर करून दिलं. पण इतकी वर्षं आमच्या नावाची चावी ऑफिस सोडून गेलेल्या माणसाच्या खिशात होती आणि सर्व्हर लावायला घेतला नसता तर रिन्यूअल चुकल्यावरच कळलं असतं.

(मशीनला नावं कशी द्यावीत यावरही एक आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या जाणकारांनी काढलेलं नंबरचं टिपण, आहे, ११७८ नंबरची, १९९० सालची. स्वतःचं नाव देऊ नका, मशीनवर जे काम चालतं त्याचं नाव देऊ नका, कारण काम बदलतं. वाचताना हसू येतं पण एकूणएक सल्ला खरा आहे.)

नेटवर्कचं फार लांबवत नाही. सर्व्हरला फिक्स आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), डीएचसीपी, म्हणजे बाकीच्यांना पत्ते वाटणारी सोय, एकाच ठिकाणाहून, आणि सगळ्या लॅपटॉपचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, हा डोमेन कंट्रोलरच. कोणीतरी टेबलाखाली स्वतःचा छोटा राउटर आणून लावला की नेटवर्कवर दोन डीएचसीपी होतात आणि मग अर्ध्या लोकांना इंटरनेट मिळतं, सर्व्हर मिळत नाही, तेही सकाळी वेगळ्या अर्ध्यांना आणि दुपारी वेगळ्या. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, घड्याळ. एका सोमवारी सगळ्यांचे शेअर बंद. पासवर्ड बरोबर, नेटवर्क बरोबर, पिंग जातंय. लॉग उघडला तर त्यात एक ओळ, क्लॉक स्क्यू टू ग्रेट, म्हणजे दोन घड्याळांत फार फरक. फाइल सर्व्हरची व्हर्च्युअल मशीन सुट्टीत पॉज होऊन परत सुरू झाली होती आणि तिचं घड्याळ मागे राहिलं होतं. डोमेनचं लॉगिन तिकिटं देऊन तपासणाऱ्या केर्बेरॉसमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे तेवढी डिफॉल्ट मर्यादा असते, कारण तिकिटावर वेळ असतो आणि जुनं तिकीट कोणी चोरून परत वापरू नये अशी ती सोय आहे. घड्याळ जुळवत राहणारं क्रोनी नीट लावलं, विषय संपला. पण त्या दिवसापासून कुठलाही विचित्र प्रॉब्लेम आला की मी आधी दोन्हीकडची वेळ बघतो, मग डीएनएस बघतो, आणि बऱ्याचदा तिसरं काही बघावंच लागत नाही.

आता परवानग्या. यावर मला खरं बोलायचंय.

मी एक तक्ता बनवला होता. उभे फोल्डर, आडवे ग्रुप, प्रत्येक चौकटीत वाचणे, लिहिणे किंवा रिकामं. मला वाटलं पंधरा मिनिटांत भरून होईल. सर म्हणाले, "एवढं कशाला, सगळ्यांना सगळं दिसू दे, आपल्यात काय लपवायचंय." बरं म्हटलं. दोन मिनिटांनी, "पगाराचा सोडून." बरं. "आणि कोटेशनचा पण सोडून, तो मार्केटिंगला नको." का नको, यावर मार्केटिंगचा माणूस तिथेच बसलेला, त्याने वर बघितलं, आणि सर्व्हरची मीटिंग एकदम दुसरीच कुठलीतरी मीटिंग झाली. तो म्हणाला की कोटेशन दिसल्याशिवाय मी क्लायंटशी काय बोलू. सर म्हणाले की तुला दिसलं की तू डिस्काउंट देऊन मोकळा होतोस. हा वाद त्या दोघांच्या मनात कितीतरी आधीपासून असणार, फक्त तो बोलायला कुठली चौकट नव्हती, ती मी आणून ठेवली.

अकाउंट्सच्या मॅडम सगळं ऐकून शेवटी म्हणाल्या, "लेजरच्या फोल्डरमध्ये सरांना फक्त वाचू दे. लिहायला नको." सगळे गप्प. सर म्हणाले, "अहो मॅडम, ऑफिस माझं आहे." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हो सर, पण तुम्ही सॉर्ट करताना एकच कॉलम सिलेक्ट करता आणि तसंच सेव्ह करता." ज्याने कधी एक्सेलमध्ये असा एकच कॉलम सॉर्ट झालेला बघितलाय त्यालाच कळेल त्या वाक्यात किती रात्री होत्या, नावं एकीकडे, रक्कम दुसरीकडे, आणि बघायला सगळं अगदी व्यवस्थित. सर हसले आणि मग त्यांनी मान्य केलं. आज लेजरवर त्यांना रीड ओन्ली आहे, त्यांच्यासाठी रोज सकाळी एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये पडते, तिच्यावर ते हवं ते करतात. तांत्रिक भाषेत मी काय केलं, एक ग्रुप काढला आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ टाकली. पण मालकापेक्षा कारकुनाला जास्त अधिकार असू शकतो, आणि तो योग्य असू शकतो, हे ऑफिसात मोठ्याने बोललं गेलं ते त्या चौकटीमुळे.

यातलं शिकण्यासारखं जे आहे ते असं की परवानगी कधीही माणसाच्या नावाने देऊ नये, ग्रुपच्या नावाने द्यावी, अकाउंट्स-वाचन, अकाउंट्स-लेखन, असे सरळ ग्रुप. माणूस टेबल बदलतो, ऑफिस सोडतो, मग शंभर फोल्डर धुंडाळायचे नाहीत, एका ग्रुपमधून काढायचं, दुसऱ्यात टाकायचं. 'डिनाय', म्हणजे स्पष्ट मनाई, वापरायचं टाळा, कारण डिनाय सगळ्यांच्या वर चढून बसतो आणि सहा महिन्यांनी एखाद्याला फाइल का उघडत नाही हे शोधताना जीव जातो. आणि एक जी कायम फसवते ती गोष्ट, त्याच शेअरमध्ये फाइल मूव्ह केली तर बहुतेक वेळा ती जुन्या परवानग्या अंगावर घेऊनच जाते, कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. "मला दिसतेय पण तिला दिसत नाही" यातल्या बऱ्याच तक्रारी या एका वाक्यात बसतात. अशा वेळी कंटाळून चमॉड ७७७ मारायचा, म्हणजे सगळ्यांना सगळं, असा मोह फार होतो, तक्रार लगेच बंद होते ना. तक्ता भरताना झालेली सगळी भांडणं त्या तीन आकड्यांत फुकट जातात.

त्याच मीटिंगच्या शेवटी कोणीतरी सहज विचारलं, "पण मग तुला काय काय दिसतं?" मी म्हटलं, सगळं. "पगार पण?" हो, अॅडमिनला सगळंच दिसू शकतं. एक क्षण सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी कालपर्यंतचा प्रिंटरवाला राहिलोच नाही. ते बघणं मला बरं वाटलं नाही, पण त्यांचं चूक नव्हतं. मग मी माझी दोन अकाउंट केली. एक रोजचं, त्याला माझ्या कामापुरतेच फोल्डर दिसतात, बाकीच्यांना असतात तसेच. दुसरं अॅडमिनचं, ते फक्त सर्व्हरच्या कामाला, आणि त्याने लॉगिन झालं की सरांना मेल जातो. मला कोणी करायला सांगितलं नव्हतं. पण जिथे बघता येतं तिथे आपण बघत नाही हे नुसतं तोंडाने सांगण्यात अर्थ नसतो, दुसऱ्याला तपासता यायला हवं.

असंच डिलीटचं. सांबात फुल ऑडिट म्हणून मॉड्यूल आहे, कोणी कुठली फाइल कधी उघडली, बदलली, उडवली, सगळं लिहून ठेवतं. आणि दुसरं रिसायकल नावाचं, डिलीट केलेली फाइल सरळ न घालवता एका बाजूच्या फोल्डरात टाकतं. सरांना ऑडिट हवं होतं, कोणी केलं ते कळायला. मी म्हटलं आधी रिसायकल लावू, कारण दहातल्या नऊ वेळा फाइल परत मिळाली की कोणी केलं हे कोणाला नकोच असतं. ऑडिटही लावलं शेवटी, पण ते लावलंय हे सगळ्यांना आधी सांगून.

बॅकअपकडे वळू. इथे प्रश्न असा की किती काम गेलं तर चालेल. सरांचं पहिलं उत्तर, "काहीच जायला नको." सगळ्यांचं पहिलं उत्तर हेच असतं. मग विचारायचं, बरं, आज दुपारी ३ ला सर्व्हर मेला तर सकाळपासूनचं काम परत करायला किती त्रास होईल? मॅडम म्हणाल्या एका तासाचं परत करू, पूर्ण दिवसाचं नाही. झालं, हे खरं उत्तर. ऑफिसच्या वेळेत दर तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली जशा होत्या तशी नोंद), रात्री दुसऱ्या मशीनवर कॉपी, आणि आठवड्याला एक डिस्क इमारतीच्या बाहेर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक बाहेर, हा जो ३-२-१ नियम सगळे सांगतात त्यातच हे बसतं.

कॉपीसाठी आरसिंक, हेही त्याच ट्रिजेलचं, पॉल मॅकेरसबरोबर १९९६ मध्ये लिहिलेलं. फार सुंदर आणि जरा धारदार हत्यार आहे. सोर्सच्या पाथच्या शेवटी स्लॅश दिला तर फोल्डरच्या आतलं सगळं जातं, स्लॅश नाही दिला तर तो फोल्डर स्वतः जातो, म्हणजे एका तिरप्या रेघेने पलीकडचं सगळं एक पायरी खाली सरकतं. आणि डिलीटचा ऑप्शन लावला, की इकडे नसलेलं तिकडूनही काढ, तर विचार करा, इकडची डिस्क रात्री माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही, तिचा फोल्डर रिकामा दिसतोय, आणि आरसिंक तो रिकामेपणा प्रामाणिकपणे बॅकअपवर उतरवतंय. म्हणून माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ कॉपीची नाहीच, सोर्समध्ये एक ठरलेली छोटी फाइल सापडते का ते बघायचं, नसेल तर तिथेच थांबायचं आणि बोंबलायचं.

बोंबलण्यावरून आठवलं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने, दमून भागून रात्री काम करताना, दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य डेटाबेसचाच फोल्डर उडवला, साधारण ३०० जीबी, लक्षात येऊन थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच प्रकार होते आणि त्यांनीच नंतर जाहीर लिहिलं की पाचातला एकही धड चालत नव्हता किंवा मुळात लावलेलाच नव्हता. शेवटी कोणीतरी टेस्टिंगसाठी सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्याने वाचवलं. मला यातला जो तपशील विसरता येत नाही तो वेगळाच आहे. डेटाबेसचा रोजचा डम्प (आतला सगळा डेटा बाहेर काढलेली फाइल) सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्यामुळे फेल होत होता, आणि फेल झाल्याचे मेलही सुटत होते, पण डीमार्कच्या भानगडीमुळे ते मेल नाकारले जात होते. म्हणजे सर्व्हर ओरडत होता आणि आवाज कोणापर्यंत पोचत नव्हता.

आपण सगळे असंच लावतो, चुकलं तर मेल कर. मग मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, किंवा मेलच बंद पडलाय, किंवा मशीनच बंद आहे, तिन्हींचा चेहरा एकच. मी उलटं केलं. बॅकअप नीट झाला की तो एका दुसऱ्या मशीनवर हजेरी लावतो, आणि सकाळी ८ पर्यंत हजेरी लागली नाही तर ते दुसरं मशीन ओरडतं. हजेरीत नुसतं 'झालं' असं नसतं, किती फाइली, किती जीबी, कालच्यापेक्षा किती फरक, कारण शून्य फाइलींचा बॅकअपसुद्धा एररशिवाय होतो.

आणि रिस्टोअर. महिन्यातून एकदा मी कोणालाही सांगतो, तुमची मागच्या महिन्यातली कुठलीही एक फाइल सांगा. ती बॅकअपमधून काढून त्यांच्याच हातात द्यायची, उघडून बघा म्हणायचं. बिलिंगच्या डेटाबेसचं तर आणखी वेगळं, चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती कॉपी अर्ध्या व्यवहाराची असू शकते, डम्प घ्यावा लागतो आणि तो दुसरीकडे उभा करून शेवटचं बिल दिसतंय का ते बघावं लागतं. ज्याला सर्व्हर शिकायचाय त्याने रेड, डोमेन वगैरेच्या आधी हे शिकावं असं माझं मत आहे, कोणाला उलटं वाटत असेल तर वाटो.

बाहेरची डिस्क बाहेरच का, तर १२ मे २०१७ मुळे. वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, आलं त्या दिवशी ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कामं अडली, आणि ते ज्या फटीतून शिरत होतं ती एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली, म्हणजे फाइल शेअरिंगच्याच प्रोटोकॉलमधली. मायक्रोसॉफ्टने पॅच १४ मार्चलाच काढलेला होता, जवळजवळ दोन महिने आधी. हे वाचल्यावर दोन गोष्टी केल्या. सांबात एसएमबी १ बंद आहे ना ते तपासलं, त्यामुळे एका म्हाताऱ्या स्कॅनरचं शेअरवर स्कॅन टाकणं बंद पडलं आणि स्कॅनर बदलावा लागला, त्यावर थोडी कुरकुर झाली. आणि जी डिस्क केबलने जोडलेली आहे ती रॅन्समवेअरपासून वाचलेली नाही हे गृहीत धरलं. अपडेटसाठी आठवड्याची एक वेळ ठरवली, आधी स्नॅपशॉट, मग अपडेट. सिक्युरिटीचे अपडेट त्याची वाटही बघत नाहीत, आपोआप पडतात.

मग सरांना घरून फाइली बघायच्या होत्या. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायचा, आणि त्याच रस्त्याने अनेकांच्या घरात चोर शिरलेत. पटवायला मी एक प्रयोग दाखवला. एक रिकामं, काही महत्त्वाचं नसलेलं मशीन इंटरनेटवर उघडं ठेवलं, लांबून लॉगिन करायच्या एसएसएचचा पोर्ट २२, आणि दुसऱ्या दिवशी सरांना त्याचा लॉग दाखवला. रूट, अॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, युजर, एकामागून एक नावं, अनोळखी पत्त्यांवरून, पानंच्या पानं. सर म्हणाले, "यांचं आपल्याशी काय वैर आहे?" वैर काहीच नाही सर, त्यांना आपण माहीतही नाही, प्रोग्रॅम आहेत, प्रत्येक दार वाजवत फिरतात. गंमत बघा, एसएसएच १९९५ मध्ये हेलसिंकीच्या टाटू इलोनेनने लिहिलं ते त्याच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरले म्हणून, आणि पोर्ट २२ त्याने मागून घेतला कारण एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, मधला मोकळा होता. आम्ही शेवटी वायरगार्ड लावलं, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत एक बंद बोगदा. बाहेर एकच पोर्ट, आणि चावी नसेल तर तो उत्तरच देत नाही, पोर्ट उघडा आहे हेही कळत नाही. एसएसएच फक्त आतून आणि फक्त की ने (चावीच्या फाइलीने).

मग राहिला शेवटचा प्रश्न, तू नसशील तेव्हा कोण. हा मी स्वतःच बरेच दिवस टाळला, कारण आपल्याशिवाय अडतंय यात एक सुख असतं, नाही म्हणू नका. अॅडमिनचे पासवर्ड, डिस्कच्या एन्क्रिप्शनची की, डोमेन रजिस्ट्रारचं लॉगिन, हे सगळं छापून बंद पाकिटात, एक सरांकडे, एक मॅडमकडे. आणि एक वही, म्हणजे खरीखुरी कागदाची, कारण सर्व्हर मेल्यावर सर्व्हरवर ठेवलेली कागदपत्रं कोणाला वाचता येणार.

वही लिहून झाल्यावर आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीला बसवलं. तिला लिनक्स जेमतेम माहीत. जुन्या मशीनवर सगळा सर्व्हर बॅकअपमधून उभा करायचा, फक्त वही बघून, मी बाजूला बसणार पण हात लावणार नाही आणि बोलणारही नाही असं ठरलं. पहिली तीन पानं छान गेली. चौथ्या पानावर ती थांबली. "दादा, इथे लिहिलंय की बॅकअप डिस्क नेहमीप्रमाणे माउंट करावी." मी मान डोलावली. ती म्हणाली, "नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?"

बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून तिनेच शोधलं, वेळ लागला, पण केलं. वाटेत तिने वहीत अशा बऱ्याच जागांवर पेन्सिलने खुणा केल्या, 'हा पाथ कुठला', 'हे कधी थांबवायचं', 'इथे हो म्हणायचं का नाही'. शेवटी बिलिंग उघडलं, शेवटचं बिल दिसलं, मॅडमनी येऊन नंबर जुळवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून वही नव्याने लिहायला घेतली. चौथ्या पानावर आता पूर्ण कमांड आहे, डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख नंबर) कुठे बघायचा त्यासकट, आणि हस्ताक्षर तिचं आहे.